पाणी मारू नये

माझा संशय लिडियावर होता, हे आधीच सांगून टाकते. मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे, तेही करंगळीएवढं. मी उठून ड्रम काठोकाठ भरायची आणि सकाळी आंघोळीला बघावं तर पातळी खाली गेलेली. शेजारच्या खोलीत लिडिया राहायची. तिचा ड्रम माझ्या ड्रमाला खेटून. आता पाणी काय उडून जातं?

पण त्या दिवसांत माझ्या डोक्याला दुसराही घोर होता, तो आमच्या नव्या फ्लॅटमधल्या जमिनीचा.

रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही फ्लॅट घेतला होता. बिल्डरने जमीन अशी केलेली की स्वयंपाकघरात लिंबू ठेवलं तर ते हॉलमध्ये जाऊन थांबायचं. माझा नवरा जितेश मुंबईत ऑफिसांच्या जमिनी सपाट करून देणाऱ्या कंपनीत कामाला. तो म्हणाला, "सिमेंटचा कोबा विसर. आमच्याकडे जिप्समचा मसाला असतो. ओतला की आपोआप सपाट होतो." दिवाळी झाल्यावर त्याने साहेबांना विचारून एका कामावर उरलेल्या गोणी आणल्या आणि घरभर तो मसाला ओतला. खोटं कशाला बोलू, जमीन ताटासारखी सपाट झाली. मी उंबऱ्यातून बघतच राहिले.

"आता याच्यावर फरशी कधी?" मी विचारलं.

"हा पूर्ण सुकला पाहिजे. मग वरचा सायीसारखा पापुद्रा पॉलिश पेपरने घासून काढायचा, मग प्राइमर, मग फरशी. ओल राहिली तर फरशी उखडलीच समज. आणि बाबा, ऐका, हे सिमेंट नाही. याला पाणी मारायचं नाही."

"बरं," सासरे म्हणाले. आमचे बाबा, म्हणजे आत्माराम, कणकवलीचे. बरं म्हणाले की समोरच्याला वाटतं, पटलं.

माझी घाई उगाच नव्हती. आमच्या घराण्याचा माघी गणपती वर्षानुवर्षं नालासोपाऱ्याला थोरल्या जाऊबाईंकडे, मालनवहिनींकडे यायचा. मी तिथे जाऊन मोदक वळायची, भांडी घासायची आणि "विनया, तुझ्याकडे जागा कुठे गं" हे ऐकून परत यायची. यंदा बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता : "फरशी लागली की गणपती विनयाकडे." मालनवहिनी नुसत्या हसल्या होत्या. त्या हसण्याने माझी झोप उडाली होती.

जितेशने कामाची वाटणी केली. बाबांनी रोज सकाळी फ्लॅटवर जाऊन खिडक्या उघडायच्या, वारा खेळवायचा. जितेशने रविवारी ओल तपासायची. त्याची एक पद्धत होती. जमिनीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, चारी कडांना चिकटपट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. खाली दव धरलं तर ओल आहे.

दर वेळी दव धरलेलं असायचं.

"असं होणार नाही," जितेश गुडघ्यांवर बसून म्हणायचा. "थंडीची कोरडी हवा आहे. एव्हाना खडखडीत व्हायला हवं." मग दोष कधी खाडीच्या वाऱ्याला, कधी गच्चीवरच्या टाकीला, कधी मसाल्याच्या गोणीला. एकदा तर त्याने वरच्या मजल्यावर जाऊन त्यांचं बाथरूम तपासलं. त्या बिचाऱ्या बाई तेव्हा टॉवेलमध्ये होत्या. बाबा शेजारी उभे राहून मान हलवायचे आणि म्हणायचे, "खिडक्या मी रोज उघडतो हो."

नाताळ गेला, संक्रांत गेली. जमीन ओली ती ओलीच. मालनवहिनींचा फोन आला. "मखर इथेच करायला सांगू ना गं? फरशीचं काही दिसत नाही." मी फोन ठेवला आणि सगळा राग ड्रमावर काढला. आतून खडूने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या खाली! तशीच लिडियाच्या दारात गेले.

"पाणी हवं असेल तर मागून घ्यावं माणसाने!"

लिडिया अंड्याची पिशवी घेऊन उभी. "मला बोलतेस?"

"ड्रम चालत जातो काय माझा?"

तिने दार लावलं. मला वाटलं, चोराच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी ड्रम भरला आणि चोर रंगेहाथ धरायचा म्हणून जिन्याआड उभी राहिले. थोड्या वेळाने दार वाजलं, ते आमचंच. बाबा बाहेर आले. हातात तेलाचा रिकामा कॅन. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तांब्याने कॅन भरला, कापडी पिशवीत घातला आणि निघाले. मी पदर खोचून मागे.

तीन मजले ते एकेक पायरीवर दम खात चढले. गुडघे दुखतात म्हणून घरात पाट सरकवायलाही आम्हाला हाका मारणारा माणूस! मी दारातून डोकावले. धोतर वर खोचून बाबा उकिडवे बसले होते. जितेशने लावलेल्या प्लॅस्टिकची चिकटपट्टी त्यांनी नखाने अलगद सोडवली, तिथे पाणी शिंपडलं, हाताने पसरवलं आणि पट्टी होती तशी परत लावली. मग कोपऱ्याकोपऱ्यात पाणी मारत जमिनीशी बोलायला लागले, "पी गो बाय, पी. पोराला काय कळतंय."

मी ओरडणार होते. शप्पथ सांगते, तोंड उघडलंही होतं. पण आवाज निघाला तो भलताच. "बाबा, कशाला हो?"

ते दचकले. "पाणी मारल्याशिवाय कोबा धरतो काय? कणकवलीच्या घराला मी पाणी मारायचा कंटाळा केला. पडवीत ही एवढी भेग. तुझी सासू मरेपर्यंत मला ती भेग दाखवायची. म्हटलं, तुला तरी आयुष्यभर भेग बघायला लागू नये."

मी त्यांना जिप्समचं सगळं परत समजावलं. पाण्याने हे पक्कं होत नाही, उलट भुसभुशीत होतं. त्यांनी बोटाने जमीन खरवडली. नखात पीठ आलं. "म्हणजे गणपती मीच अडवला?" ते म्हणाले आणि तिथेच ओल्यात बसले. मला रागही आला आणि रडूही.

त्या रविवारी जितेशने स्क्रूड्रायव्हर ओढला आणि लोण्यात ओढावा तसा चर पडला. "कुणीतरी पाणी घातलंय!"

"मी," मी म्हटलं. "धूळ होती, म्हणून रोज पुसत होते."

जितेश जे बोलला ते इथे लिहीत नाही. माझं शिक्षण, माझं माहेर, सगळं त्यात आलं. बाबा कोपऱ्यातून उठले.

"ती खोटं बोलते. मी मारलं पाणी. तू नको म्हणालास ते ऐकूनसुद्धा मारलं. आणि ऐक, फरशी लागली की गणपती, ही अट माझी होती. घातली मी, मोडली मी. गणपती इथेच येणार. मालनला मी सांगतो."

जितेशने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि पंखे आणायला खाली उतरला.

मी लिडियाकडे माफी मागायला गेले, सोबत तिळाच्या वड्या. ती म्हणाली, "अगं, मला माहीत होतं. रोज बघायचे ना मी त्यांना. मला वाटलं, महादेवाला अभिषेक घालतात. त्या दिवशी तुला सांगितलं असतं, तर तू त्यांच्यावर तोंड टाकलं असतंस. म्हातारा माणूस, देवाचं काम. मीसुद्धा माझ्या ड्रममधलं दोन तांबे घालायचे त्यांच्या कॅनमध्ये."

मी वड्यांचा अख्खा डबा तिच्या हातात दिला.

माघातल्या चतुर्थीला जितेश गणपती घेऊन तीन मजले चढला. जमीन पंखे लावून बऱ्यापैकी सुकवली होती, फरशी मात्र नव्हती. मालनवहिनी भिंतीला टेकून सगळीकडे नजर फिरवत होत्या. "मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घाला गं कुणीतरी," त्या म्हणाल्या.

तांब्या माझ्या हातात होता. मी तो बाबांपुढे धरला. ते दोन पावलं मागे सरले. "नको गो. मी आता पाण्याला हात लावत नाही."

"बाबा," दारातून जितेश म्हणाला, "हात भरून आलेत माझे. घाला."

बाबांनी उंबऱ्याशी येऊन तांब्या वाकडा केला. चारच थेंब पडले.

"अजून घाला."

"जमिनीला लागेल रे."

"लागू दे. भरपूर घाला."

बाबांनी तांब्या पालथा केला. पाणी जितेशच्या पायांवरून उंबरा ओलांडून आत गेलं, थेट मखरापर्यंत, आणि ते पुसायला कुणीच वाकलं नाही.