गरम टायरातली हवा

गोरखनं मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये काडी दाबली आणि हवा फुसकन सुटली. नारायणगावहून भर उन्हात दामटत आणलेली पिकअप अजून तापलेली होती. हवा मोजायच्या गेजवर एकाहत्तर पौंड दिसले म्हणून हा गडी हवा साठावर आणत बसला होता.

त्याची बायको जया ओट्यावरून खाली आली.

"सोडू नका. टायर गरम आहे."

"साठच लागती. मला नको शिकवू."

मंचरच्या कॉलेजात जया बारावीच्या पोरांना फिजिक्सच्या तासाला हेच शिकवायची. तिनं खडू आणून गाडीच्या फाळक्यावर गणित मांडलं. तापमानात दोनशे त्र्याहत्तर मिळवले, गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवला, आणि उत्तराखाली रेघ ओढली.

"आत्ताचे साठ म्हणजे पहाटे गार झाल्यावर पन्नास. कमी हवेचा टायर लोडखाली तापतो आणि फुटतो. टोमॅटोचे क्रेट, माळशेजचा उतार, आणि केबिनमध्ये आपली श्रेया. कळतंय का?"

श्रेयाला दुसऱ्या दिवशी कल्याणला ॲडमिशनला जायचं होतं. बापाबरोबरच जाणार होती.

गोरखनं तळव्यानं गणित पुसलं. "कॉलेजातलं कॉलेजात ठिव," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

जयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस आहे का दगड? ती चाकाशी उकिडवी बसली आणि मागच्या दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हपिना काढून टाकल्या. सगळी हवा जाईस्तोवर हलली नाही.

पहाटे क्रेट भरायला गेलेला गोरख ओरडला, "कुणी केलं ह्ये?"

"मी. आता गार टायरात भरा."

तो पोरीसमोर वाटेल ते बोलला. जयानंही एक शब्द खाली पडू दिला नाही. शेवटी पंक्चरवाला मेहबूब छोटा कंप्रेसर घेऊन आला. पिना बसवून त्यानं हवा भरली आणि गेज पाहिलं.

"गार टायरात साठ, भाऊ. गरम असताना कवा सोडायची न्हाई. सकाळी कमी पडती, मग घाटात टायर जातो."

"असं व्हय," गोरख म्हणाला. मग जयाकडं वळला. "बघ. असं नीट समजावून सांगावं माणसानं."

जया केबिनच्या दाराशी गेली आणि आत बसलेल्या श्रेयाला म्हणाली, "वाटेत गेजवर आकडा वाढलेला दिसेल. वाढू दे. ह्यांनी हवेला हात लावला, की तिथंच उतरायचं आणि मला फोन करायचा. मी येते न्यायला."

"हो आई."

"आता एवढं काय झालं?" गोरखनं विचारलं.

जयानं गाडीतलं गेज श्रेयाच्या हातात दिलं आणि केबिनचं दार लावलं.