दानम्माचा निळा उजेड

मस्कतला नोकरी लागली तशी विरुपाक्षनं हैदराबादचं बिऱ्हाड मोडलं आणि आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी लातूरला आईवडिलांकडे आणून ठेवली. टाकीत मासे नावालाच होते. खरा पसारा प्रवाळांचा. दगडावर चिकटलेली, कुणी मऊ छत्रीसारखी, कुणी बारीक बोटांच्या झुडपासारखी. हैदराबादच्या एका मित्रानं टाकीतच वाढवून त्याला दिलेली. वाटेत जहीराबादच्या पुढं जीप खड्ड्यात आदळली आणि टाकीवरचा दिवा तेवढा फुटला. बाकी सगळी तजवीज लावून, आईला, दानम्माला, मीठ कसं मोजायचं ते शिकवून, पोरगा विमानात बसला.

दानम्माच्या मनात होतं, थोडे दिवस सांभाळू, मग देऊ कुणाला तरी. पण एका दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप टाकीत शिरली, आणि मिटून पडलेलं एक प्रवाळ सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं, उलगडलं. त्याची बोटं पाण्यात डुलायला लागली. दानम्मा ज्वारी निवडत होती. सूप मांडीवर तसंच राहिलं. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. ऊन सरकलं, बोटं मिटली, तेव्हा कुठं तिला ज्वारीची आठवण झाली.

तिचे मालक मलप्पा मांडवाच्या लायटिंगचा धंदा करत. उजेडाची आपल्या घरात कमी आहे का, म्हणत त्यांनी गोडाऊनमधला हॅलोजन आणून टाकीवर टांगला. खोली लग्नघरासारखी लखलखली. पहिल्या दिवशी प्रवाळं फुलली, पण पुढं त्यांचा रंग उडत गेला. तपकिरी होती ती फिकी पडली, फिकी होती ती हाडासारखी पांढरी दिसायला लागली. पाणी कोमट झालं, काचेच्या कडेला मिठाचा थर धरला.

दानम्मानं मस्कतला फोन लावला. विरुपाक्षनं समजावलं, की प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती राहतात, त्या उजेड खाऊन त्याला जगवतात. समुद्रात खाली जावं तसा तांबडा उजेड पाण्यातच जिरतो, निळा तेवढा खोल पोचतो. एकदम भडक उजेड पडला, वर पाणीही तापलं, की त्या वनस्पती प्रवाळाला सोडून जातात. आणि टाकीतलं पाणी वाफ होऊन उडालं तरी मीठ मागंच राहतं, म्हणून वरून रोज गोडं पाणी घालायचं, तेही फिल्टरचंच.

हे ऐकायला सोपं होतं, पण साल दुष्काळाचं होतं. नळ कोरडे पडले होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं, आणि गल्लीत टँकर आला की घागरींच्या रांगा लागत. हॅलोजनखाली टाकी रोज कळशीभर पाणी पीत होती. दानम्मा दार लोटून घेऊन ते ओतायची. एकदा दार उघडं राहिलं. शेजारच्या रुक्मिणबाई विरजण मागायला आल्या होत्या. भर उन्हात रांगेत उभ्या राहून त्यांना तेव्हा अर्धीच घागर मिळाली होती. त्या उंबऱ्यात थांबल्या, दानम्माच्या हातातली कळशी बघितली आणि विरजण न मागताच परत गेल्या.

त्या दिवशी दानम्माला जेवण गेलं नाही. मालक जेवून उठल्यावर ती म्हणाली, "एक तर ही टाकी जाईल, न्हाई तर हा दिवा. दोन्ही ठेवायची माझी हिंमत न्हाई."

 दुसऱ्या दिवशी मलप्पा तिला गोडाऊनला घेऊन गेले. उदगीर जिल्हा होणार म्हणून तिथल्या दोस्तमंडळींनी मिरवणुकीची तयारी केली होती आणि मलप्पांनी त्यासाठी स्टेजचे रंगीत एलईडी आणून ठेवले होते. जिल्हा काही जाहीर झाला नाही, दिवे खोक्यातच राहिले. दानम्मानं ते एकेक लावून पाहिले. रंग पालटणारा नको. जांभळट होता तो डोळ्यांना बोचला. एक गडद, शांत निळा तिनं निवडला, जोडीला मंद पांढरा.

यावेळी तिनं घाई केली नाही. दिवा उंच टांगला, खाली जुन्या धोतराचं पातळ फडकं ताणून बांधलं आणि सुरुवातीला थोडाच वेळ उजेड ठेवला. टाकीवर काचेचं झाकण बसवलं, हवेपुरती फट ठेवून. पाणी आता हाताला थंड लागायचं, आणि कळशीच्या जागी तांब्याभर पुरायचं. प्रवाळ अंग ताणून दिव्याकडं मान काढायला लागलं की ती समजायची, याला कमी पडतंय. आक्रसलं की जास्त झालं. त्यावरून ती दिवा खालीवर करायची. दोन प्रवाळं वाचली नाहीत. ती तिनं अंगणात मोगऱ्याजवळ पुरली. बाकीच्यांच्या अंगात रंग परत आला, पण पहिल्यासारखा नव्हे; हिरव्या कडा, आत फिकट गुलाबी, निळ्या उजेडात आतून पेटल्यासारखा.

मग ती स्वतःच रुक्मिणबाईंच्या दारात गेली. काय घडलं, आता किती पाणी लागतं, सगळं सरळ सांगितलं आणि म्हणाली, "एकदा येऊन बघा. मग म्हणाल तर देऊन टाकते."

रुक्मिणबाई ऐन दुपारी आल्या, पदरानं मान पुसत. बाहेर डांबर वितळत होतं. पडदे ओढलेल्या खोलीत भिंतींवर निळ्या लाटा सरकत होत्या, छतावर, पितळी समईवर, दोघींच्या हातांवर. रुक्मिणबाई चटईवर टेकल्या. पंपाची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या, मग त्यांचे डोळे जड झाले आणि त्या भिंतीला टेकून झोपल्या. महिनोन्महिने रांगेत उभं राहिलेलं ते शरीर हळूहळू सैल पडलं. दानम्मानं त्यांना उठवलं नाही.

जाग आल्यावर रुक्मिणबाई टाकीजवळ सरकल्या. मागच्या उघड्या दगडाकडं बोट करून म्हणाल्या, "दानम्मा, हे काय हाय वं? लेकरू हाय का हे?"

दानम्मा वाकली. मोहरीएवढा ठिपका दगडाला धरून बसला होता, आणि त्याला नुकती बोटं फुटत होती. रोज बघून तिला दिसला नव्हता.

"हाव," ती म्हणाली. "लेकरूच हाय."

"मग न्हाई द्यायचं कुणाला," रुक्मिणबाई म्हणाल्या आणि पुन्हा चटईवर बसल्या.