जाईला कोण बघेल?

जाई घरी आली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. तिला जन्म देणारी मुलगी चिनी, अजून कॉलेजात शिकणारी. तिने बाळ सुनेत्राच्या हातात दिलं आणि मागे वळूनही न बघता ती लिफ्टमध्ये शिरली. दार बंद होईपर्यंत सुनेत्रा तिथेच उभी होती. पोरगी परत बाहेर आली तर?

सुनेत्रा आणि शैलेंद्र आढाव मूळचे अहमदनगरचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखान्यांच्या खेपा घालून दोघं थकली होती. सिंगापूरला येऊन स्थिरावल्यावर त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि जाई मिळाली. पण कायद्याने ती अजून त्यांची नव्हती. कोर्टाचा आदेश व्हायला काही महिने लागणार होते. तोवर तिची आई मन बदलू शकत होती. तोवर बाळाला देशाबाहेर नेता येणार नव्हतं. आणि तोवर मिस लिम नावाच्या अधिकारी बाई अधूनमधून घरी येऊन सगळं पाहून जाणार होत्या.

वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाडीपलीकडचं मलेशियातलं जोहोर दिसायचं. शेजारीपाजारी शनिवारी तिकडे जाऊन बाजार करून यायचे. सुनेत्रा जाईला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहायची. पलीकडच्या इमारतींवरच्या पाट्या इथून जवळपास वाचता यायच्या, पण बाळाला घेऊन तिथवरही जाण्याची सोय नव्हती. दाराची बेल वाजली की ती आधी जाईला आतल्या खोलीत नेऊन ठेवायची.

अशात नगरहून धाकट्या भावाचा, संजीवचा फोन आला. "ताई, आईला अर्धांगाचा झटका आलाय. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तू ये."

आईशी तिचं गेले काही महिने धड बोलणंच नव्हतं. दत्तकाचं कळल्यावर आई म्हणाली होती, "चिनी पोर? आणि चर्चच्या मंडळीत मी काय सांगू? आपल्याकडे लेकरं नव्हती का?" सुनेत्राने त्यावर फोन ठेवून दिला होता.

शैलेंद्र नुकताच नव्या नोकरीत लागला होता, त्याला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. पाळणाघरात एवढ्या तान्ह्या बाळाला जागा नव्हती. राहता राहिली त्यांची मंडळी. सिंगापूरमधली मोजकी मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी दुपारी एका चर्चच्या सभागृहात उपासनेला जमायची. बारशापासून आजारपणापर्यंत सगळं तिथे एकमेकांच्या आधाराने व्हायचं.

त्या रविवारी गीत संपल्यावर सुनेत्रा उभी राहिली. "माझी आई फार आजारी आहे. आठवडाभर मी नगरला गेले तर दिवसा जाईला कोणी सांभाळेल का? संध्याकाळी शैलेंद्र तिला घेऊन जाईल."

कोणी चष्मा पुसायला लागलं, कोणी पर्समध्ये काही शोधायला लागलं. उपासना चालवणारे निशिकांतकाका घसा खाकरून म्हणाले, "आपण हा विषय प्रभूच्या चरणी ठेवू या." सगळ्यांनी डोळे मिटले. सुनेत्राने मिटले नाहीत. ती एकेकाचा वाकलेला माथा बघत राहिली.

बाहेर बसस्टॉपवर तिची मैत्रीण ऋता मागोमाग आली. "रागावू नकोस गं. उद्या तिची आई आली, काही भानगड झाली, तर आम्ही काय करायचं? आणि घरात सासूबाई आहेत. त्या बाळाला मांडीवरसुद्धा घेणार नाहीत."

"चिनी म्हणून?"

तेवढ्यात बस आली.

घरी शैलेंद्र म्हणाला, "मी रजा घेतो. नोकरी गेली तर गेली. तू जा."

"नोकरी गेली तर मिस लिम अहवालात काय लिहील? बेकार माणसाला बाळ देतील ते?"

तिच्या मनात आणखी एक भीती होती, ती तिने त्याला सांगितली नाही. आपण नसताना ती पोरगी रडत दारात आली, तर शैलेंद्रला नाही म्हणता येणार नाही. तो मऊ मनाचा होता. तो बाळ देऊन टाकेल.

ती गेली नाही.

दोन-तीन दिवसांनी संजीवने व्हिडिओ कॉल लावला. आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती अडखळत म्हणाली, "दाखव."

सुनेत्राने जाईला फोनसमोर धरलं. आईने डोळे बारीक केले. "टोपी घाल तिला. पंखा आहे वर."

"आई, इथे थंडी नसते."

"घाल."

सुनेत्राने उठून टोपी शोधली, घातली. तोवर आईला ग्लानी आली होती.

त्याच आठवड्यात आई गेली. दफनविधी सुनेत्राने फोनवर पाहिला. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत असतानाच चित्र थिजलं, आणि नेमकी तेव्हाच जाई भुकेने रडायला लागली. "गप्प बस!" सुनेत्रा ओरडली. "तुझ्यामुळे! तुझ्यामुळे गेले नाही मी!" बाळ दचकून क्षणभर गप्प झालं, मग टाहो फोडून रडलं. सुनेत्राने तिला पाळण्यात ठेवलं, स्वयंपाकघरात गेली आणि सिंकची कड घट्ट धरून उभी राहिली. त्या रडण्यापासून पळून जायलाही जागा नव्हती. शेवटी तिनेच दूध केलं. निम्मं ओट्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी ऋता डबा घेऊन आली. "दे तिला माझ्याकडे. तू थोडी पड."

"त्या रविवारी असं का म्हणाली नाहीस?"

"धीर झाला नाही," ऋता म्हणाली. "सासूबाईंचं नाव पुढे केलं. पण तिला हातात घ्यायला मलाही जरा कसंतरीच वाटलं होतं, सुनेत्रा."

सुनेत्राने तिला माफ केलं नाही, परतही पाठवलं नाही. बाळ तिच्या हातात दिलं, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि आईसाठी पोटभर रडली. बाहेर आली तेव्हा जाई ऋताच्या खांद्यावर झोपली होती. मग ऋता येतच राहिली. तिच्या सासूबाई मात्र कधी फिरकल्या नाहीत.

जाईला जन्म देणाऱ्या पोरीने मन बदललं नाही. वर्षअखेरीस आदेश झाला. मिस लिमने दोघांचं अभिनंदन केलं. शैलेंद्र कोर्टाच्या व्हरांड्यातच डोळे पुसायला लागला. सुनेत्राने पहिला प्रश्न विचारला, "आता हिला देशाबाहेर नेता येईल?"

"पासपोर्ट झाला की."

घरी येताच तिने वडिलांना, मनोहरपप्पांना फोन लावला. "पप्पा, आम्ही येतोय. तिला घेऊन येऊ ना?"

पप्पा म्हणाले, "मंडळीत लोक विचारतील गं."

"विचारू देत."

"मी काय सांगू त्यांना?"

"नात आहे म्हणून सांगा."

सुनेत्रा फोन कानाशी घट्ट धरून थांबली. एवढं सगळं झाल्यावरही तिला वाटलं, आपण अजून कोणाच्या तरी होकाराचीच वाट बघतोय.

"बरं," पप्पा म्हणाले. "पुण्याला विमानतळावर संजीव गाडी घेऊन येईल." आणि मग, "मीही येतो त्याच्याबरोबर."