सूतभर काच

आमच्या ह्यांना, म्हणजे गोपाळकृष्णांना, संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाल्याने सुट्टी घेतली तरी 'याचं काहीतरी चाललंय' म्हणतात. त्यामुळे आमच्या खिडक्या आपण रंगवून देतो असं शंभू म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की आता रविवारचं जेवण काही सुखाने घशाखाली उतरत नाही.

शंभू आमच्या उत्कर्षाच्या ऑफिसातला. मूळचा यवतमाळकडचा, हडपसरला मित्रांबरोबर राहणारा. त्याने उत्कर्षाला लग्नाचं विचारलं, ती 'बघू' म्हणाली, आणि तो हुरळून थेट नारायण पेठेत आमच्याकडे आला. मीही हुरळलेच. आलेल्या प्रत्येक स्थळाला तोंडावर नकार देणारी मुलगी याला 'नाही' म्हणत नाही, एवढंच मला पुरेसं होतं. ह्यांनी मात्र त्याला टोलवलं. "सध्या खिडक्यांचं काम काढायचंय. रंगारी मिळत नाही. ते उरकलं की तुमच्या आईवडिलांना बोलावू." पुण्यातला कुणीही समजून उठला असता. हा पुढच्या रविवारी ब्रश, डबा आणि एक विटका शर्ट घेऊन हजर झाला. वडिलांचं रंगाचं दुकान होतं म्हणे.

हात चांगला होता त्याचा. लाकूड घासलं, काचेभोवतीची तडकलेली लांबी, म्हणजे ती पुट्टी, खरवडून काढली, नवी भरली आणि नीट सुकू दिली. मग रंग द्यायला घेतला, तर लाकूड संपलं तिथे थांबला नाही. कड सूतभर काचेवर आणली. ह्यांनी चष्मा लावला.

"काच रंगवायचं आपलं ठरलं नव्हतं."

"काका, रंग थोडासा काचेवर चढला पाहिजे. नाहीतर काच आणि लांबीच्या मधून पाणी जाते, अन् लाकूड सडते."

"असं का? इतकी वर्षं पाणी आमची परवानगी घेऊन बाहेर थांबत होतं वाटतं."

शंभू हसला. ह्यांच्या बोलण्यावर हसणारा माणूस मी बऱ्याच वर्षांनी पाहिला, आणि तिथेच तो मला आवडायला लागला.

पुढच्या रविवारी पाहतो तर लाकडावरचा रंग पक्का, पण काचेवरची कड दुधावरच्या सायीसारखी सुटून आलेली. शंभूने ती काढून टाकली. जरा वेळ काचेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "अजून एक हात लागेल." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पुन्हा "एक हात लागेल."

हे स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "हा हात मारत नाहीये, पाय रोवतोय. मुद्दाम हलका रंग आणत असणार. ज्याला काचेवर रंग टिकवता येत नाही, तो संसार काय टिकवणार?"

"हळू बोला," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. रंगाच्या दुकानात वाढलेला मुलगा, आणि कड का सुटते ते याला कळू नये? मी विचारलंसुद्धा. "होते असं कधी कधी, काकू," म्हणाला आणि डब्यात ब्रश बुडवत बसला. माझ्याकडे पाहिलं नाही. काहीतरी लपवत होता. ते काय, हे मात्र कळेना. उत्कर्षाला विचारावं, तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत? मी पेंटर आहे का?"

मग एका शनिवारी जाळीजळमटं काढताना कड गळून पडलेल्या त्या काचेवरून माझं बोट सर्रकन घसरलं. बोट नाकाशी नेलं. माक्याचं तेल! मी घरीच उकळते ते, दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. काचेच्या चारी कडांना अगदी बेताने, कापसाच्या बोळ्याने फिरवावं तसं लावलेलं होतं. अशा काचेवर रंग धरणार कसा?

माझा संशय लख्खकन ह्यांच्यावर गेला. डोक्यावर चार केस उरलेत, पण तेल लावायचं सुटलेलं नाही. अस्सा राग आला म्हणता! मुलीच्या जन्माचा प्रश्न, आणि हा माणूस तेलाच्या बोळ्याने एका चांगल्या मुलाला पळवून लावतोय. तरी तोंडाने काही बोलले नाही. ह्यांना रंगेहाथ पकडायचं होतं. नाहीतर 'पुरावा काय?' म्हणून मलाच गप्प केलं असतं.

रविवारी सकाळी ह्यांच्या हातात मुद्दाम पिशवी देऊन मंडईत पाठवलं. म्हटलं, तेवढ्यात मी दडून बसते. परत येतील, घर मोकळं पाहून बाटली शोधतील, आणि मी दाराआडून बाहेर येईन. तेवढ्यात खिडकीपाशी चाहूल लागली. पडदा सारून पाहिलं तर उत्कर्षा. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात कापूस.



"तू?"

ती दचकली नाही. बाटलीचं झाकण लावलं. "खिडक्या झाल्या की बाबा त्याच्या आईवडिलांना बोलावणार ना?"

"मग? तूच 'बघू' म्हणालीस ना त्याला?"

"आई, तू दारावर आलेल्या सेल्समनला काय सांगतेस? 'बघू'. भिशीवाल्या बायकांना? 'बघू'. त्यातलं एक तरी तू पाहिलंस का कधी? या घरात 'बघू' म्हणजे 'नाही' असतं. त्याला ते कळलं नाही, तो बाहेरचा आहे. तुला कसं कळलं नाही गं?"

मला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच खरं.

"वाईट आहे का तो?"

"चांगला आहे. म्हणून तर तोंडातून निघत नाही." "तो आला की मला काहीच वाटत नाही, आई. काहीच. आणि तू त्याच्यासाठी शिरा करतेस."

मला तिचा राग यायला हवा होता. पण ही कितीतरी दिवस एकटीच भ्यालेली होती, आणि मी शेजारच्या खोलीत वेलदोडे कुटत होते, या विचाराने मला रडू आलं.

"आज सांग त्याला," मी म्हटलं. "स्पष्ट सांग. मी असेन."

शंभू नेहमीसारखा आला. विटका शर्ट चढवला, ब्रश काढला. उत्कर्षा खिडकीपाशी गेली आणि एका दमात म्हणाली, "शंभू, मला लग्न करायचं नाहीये. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आणि कड काचेवर आणणार हे तू मला ऑफिसात सांगितलंस, तेव्हापासून काचेला तेल मीच लावत होते."

मी तर जमिनीकडेच पाहत राहिले. आता हा आवाज चढवेल, डबा आपटेल असं वाटलं. निदान मला तसा आवाज चढलेला चालला असता.

त्याने ब्रश फडक्यात गुंडाळला. "ठीक आहे," म्हणाला. "बरं झालं सांगितलं."

माझ्याच्याने राहवेना. "अरे, आम्ही तुझ्यावर संशय घेत होतो. तू मुद्दाम काम लांबवतोस म्हणून."

"लांबवतच होतो, काकू." तो माझ्याकडे वळून कसंनुसं हसला. "पहिल्यांदा कड निघाली ना, तेव्हाच तेलाचा वास येऊन राहिला होता. तिच्या केसांना येते तोच. स्पिरिटनं पुसली असती तर त्याच दिवशी काम झालं असतं."

"मग पुसली का नाहीस?"

त्याने डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं.

"मी पुसून काय उपयोग? वाटे, एखाद्या रविवारी येईन तर काच कोरडी सापडेल."