सोमवारचे बारा मिलिमीटर

बसलिंगप्पांनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं, मग त्याची वायर कुठवर जाते तेही पाहिलं.

“ह्याला शेजारच्या गावानं काही चहापाणी केलंय का, मॅडम?”

देविका हसली नाही. लातूरच्या जलसंधारण कार्यालयातून ती एवढंच सांगायला आली होती, की पुढच्या तीस वर्षांच्या पावसाचं गणित मांडणाऱ्या मॉडेलच्या मते दुष्काळातही या गावाला पाणी मिळत राहणार. म्हणून साठवण तलाव शेजारच्या गावाला जातोय.

“दुष्काळात पाणी? लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या पावसाळ्यात इथल्या सावल्यासुदिक पाणी हुडकत औशाला गेल्त्या. खोटं बोलायलंय हे मशीन.”

“मशीन तुमचीच वही वाचतं, आप्पा.”

आप्पा सरळ बसले. शाळेमागच्या पर्जन्यमापकातलं पाणी एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्यांनीच मोजून वहीत लिहिलं होतं. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा अक्षता थांबल्या, मोजणी नाही.

देविकानं वही पुढे सरकवली. “त्या वर्षी आसपास कुठं थेंब नाही. तुमच्याकडे बारा मिलिमीटर. पुन्हा बारा. सगळे सोमवार.”

“म्हंजे मी घरी बसून लिवलं?”

“विचारतेय फक्त.”

“डब्यात होतं तेवढंच लिवलं. थेंबभर जास्ती न्हाई.” ते थांबले. “नरसाळ्यात बेलाचं पान मात्र असायचं. वाऱ्यानं आलं असंल म्हणून काढून टाकायचो.”

उमादेवी चहा घेऊन दारात आल्या होत्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी ट्रे खाली ठेवला.

“सोमवारी सकाळी महादेवाला पाणी घालून येताना त्या डब्यातबी घालायचे,” त्या म्हणाल्या. “दुष्काळातच. वरच्याला आठवण ऱ्हावी म्हणून.” मग देविकाकडे वळून हळूच म्हणाल्या, “माय, ते पाणी परत काढून घेता येतं का?”

देविकानं लॅपटॉप बाजूला सारला.

आप्पांनी वही जवळ ओढली. एकतीस वर्षांत तिच्यात एकही खाडाखोड नव्हती. मग ते उठले. उमादेवी महादेवाला न्यायच्या तो देवघरातला छोटा पितळी तांब्या भरून त्यांनी पर्जन्यमापकाच्या काचेच्या मोजपात्रात ओतला आणि पाण्याच्या रेषेला डोळा लावला.

“बारा.”

त्यांनी खिशातून लाल पेन काढला, टोपण दातानं उघडलं.

“सांगा मॅडम, पैला सोमवार कोणता?”