सवतीचा हात

शालिकरामच्या अँबेसिडर टॅक्सीभोवती नागपूरचं अर्धं सक्करदरा जमलं होतं. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी, सकाळची बोचरी थंडी. गाडीच्या सगळ्या काचा बंद करून आत एकट्या प्रेमिलाला, त्याच्या दुसऱ्या बायकोला, नामजप करायला बसवलं होतं. ती पोटुशी होती. बाहेर कन्हानचे भैय्याजी महाराज डोळे मिटून पुटपुटत होते.

समोरची काच आतून हळूहळू पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात एक काळसर पंजा उमटला. बायांनी पदर तोंडाला लावले.

"पाहून घ्या गा," महाराज म्हणाले. "हा प्रयागबाईचा हात. सवत बसली का तो येते. शालिकराम, इले आजच काटोलले माहेरी धाड. अन् गाडी आपल्या मठात राहू दे."

पहिली बायको प्रयागबाई बाळंतपणातच गेली होती. त्यामुळे शालिकराम आधीच धास्तावलेला. प्रेमिलाची पेटी भरून ओसरीवर ठेवलेली मला दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी शेजारीच राहते, शाळेत विज्ञान शिकवते. एवढी माणसं अक्कल गहाण टाकून उभी असलेली पाहिली की मला गप्प बसवत नाही.

"शालिकरामभाऊ, हा हात कधीपासून दिसतो?"

"महाराजायनं आतून काचेवर हात ठेवून बंधन घातलं ना सिंधूताई, तवापासून. रोज संध्याकाळी गाडीत तीर्थ शिंपडाले सांगतलं. काचा बंद ठेवाले सांगतलं, प्रयाग बाहेर निघून कोनाले धरू नये म्हनून."

मी दार उघडून प्रेमिलाला बाहेर घेतलं. पायाखालचं तरट तीर्थाने चिंब भिजलं होतं. समोरची काच मी आतून ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने स्वच्छ पुसली. घरून साबण आणला, तळव्याला चोळला आणि पंजा आतूनच काचेवर टेकवला. वाळल्यावर काहीच दिसेना.

"आता महाराजांनी आत बसून जप करावा."

"मी काहून बसू?"

"बसा ना महाराज," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

महाराज बसले. काच पांढरी झाली आणि पंजा उमटला. मी माझा हात बाहेरून, पालथा करून त्यावर धरला. बोटाला बोट जुळलं.

"हा माझा हात. मी तर जिवंत आहे. मग महाराज काय माझी सवत आहेत?"

कोणीतरी फिसकन हसलं. महाराज दुसऱ्या दाराने उतरले ते मागे न बघता गेले.

मी सगळ्यांना सांगितलं. श्वासातली आणि तरटातली वाफ थंड काचेवर बारीक थेंबांनी बसते, म्हणून काच धुरकटते. साबण लागलेल्या जागी थेंब धरत नाहीत, तेवढी जागा मोकळी राहते. बंधन घालताना महाराजांच्या तळव्यालाही साबणच होता. तरट उन्हात वाळवा, खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, काच साफ राहील. प्रेमिला बिचारी आत बसून नुसता श्वास घेत होती आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरत होता.

शालिकराम खजील होऊन पेटी घरात न्यायला वाकला. प्रेमिलाने त्याला थांबवलं.

"काचेवरचा हात कोनाचा, ते समजलं. ही पेटी भरली, तो हात कोनाचा होता?"

शालिकराम वाकलेलाच राहिला.

मंडळी, चमत्कार दिसला तर जरूर पाहा. पण त्याच्यापायी घरातल्या माणसाला बाहेर काढण्याआधी एकदा काच पुसून बघा.