दुरुस्ती, शेवटच्या पानावर

छापखान्यात तिला सगळे लालपेन म्हणत, आणि तिला ते आवडायचं. मुद्रितशोधनात तीस वर्षं काढल्यावर माणसाला चुका शोधाव्या लागत नाहीत, त्याच अंगावर धावून येतात. दिवसभर पगारी चुका काढून हौस फिटत नसे म्हणून की काय, संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून इंटरनेटवरच्या विश्वकोशातले लेख फुकटात तपासत बसे. समोर मटार सोलणारी आई रोज विचारायची, "आज कुणाला पुसलंस?" घरात सून आली नाही म्हणून ही सगळ्या जगाला सासुरवास करते, असं आईचं मत होतं.

त्या सोमवारी पाळी होती एका लिफ्टवाल्या बाईंची. बाई आता ऐंशीच्या घरात. तरुणपणी त्यांनी शहरातल्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि एक कडी तयार केली. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलणार नाही, अशी. लेख नातीने लिहिलाय हे सांगायला ज्योतिषी नको होता. 'प्रेमळ' हा शब्द पाच वेळा आला होता, आणि लिफ्टच्या तारेला तर कुणी प्रेमाने धरत नाही.

संदर्भ म्हणून गेल्या वर्षीची दोन वर्तमानपत्रं होती. दोघांनीही बाईंनी तीन हजार लिफ्ट दुरुस्त केल्याचं छापलं होतं. लालपेनला तो आकडा खुपला. तिने लेखाच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या, तर मुळात नातीनेच तीनशेवर एक शून्य जास्त दिलं होतं आणि महिन्याभराने गुपचूप काढलं होतं. तेवढ्या महिन्यात दोन्ही वार्ताहर ते शून्य उचलून घेऊन गेले होते. म्हणजे लेख उभा वर्तमानपत्रांवर आणि वर्तमानपत्रं उभी लेखावर! उरला एकच स्वतंत्र कागद, बाईंच्या यजमानांच्या निधनाची जुनी बातमी. तिच्यात लिहिलं होतं की कडी यजमानांनी बनवली. पत्नी हातात बॅटरी धरून त्यांना साथ देत.

लालपेनने लेख वगळण्याचा प्रस्ताव मांडला. सात दिवसांत घरच्यांनी न लिहिलेला, छापील पुरावा आला नाही, तर लेख जाणार होता.

चौथ्या दिवशी छापखान्याच्या दारात एक काटक म्हातारी उभी राहिली. मागे नात होती, जमिनीत तोंड लपवायला जागा शोधत. लालपेनने विश्वकोशातल्या आपल्या ओळखीच्या पानावर छापखान्याचं नाव मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं, ते तिला भोवलं.

"मला पुसणारी ती तूच का?" म्हातारीने खुर्ची ओढत विचारलं.

लालपेनने चहा मागवला आणि नियम समजावला. माणूस कितीही खरा असला तरी त्याने स्वतःबद्दल सांगितलेलं धरता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी, ज्याचा काही संबंध नाही अशाने, ते पाहून लिहिलेलं असावं लागतं.

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून ओरडतो, मी अडकलोय म्हणून. त्याला काय सांगतेस, दोन साक्षीदार आण?"

लालपेनला हसू आलं.

मग म्हातारी शांतपणे बोलली. लेखात नाव यावं ही तिची हौस नव्हतीच. यजमानांना उंचीची धास्ती. ते खाली बसून फोन घ्यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे की वरचं काम हिचं. ते असेपर्यंत कुणी चुकीचं बोललं तर तेच खोडून काढत. ते गेले आणि त्यांच्याच बातमीत ती बॅटरी धरणारी झाली. "आता मी पण गेले की तेवढंच राहणार," ती म्हणाली. "त्यांना खोटं पाडल्यासारखं वाटतं मला."

निघता निघता नातीने कबूल केलं की आणखी एक कात्रण आहे, पण ते तिने मुद्दाम लपवलंय. बांधकाम व्यवसायाच्या एका मासिकात चाळीस वर्षांपूर्वी कडीवर लेख आला होता. त्यात आजीला चक्क पुरुष केलं होतं. नुसतं आडनाव आणि पुढे 'हे मिस्त्री'. वाचणाऱ्याला वाटावं, आजोबाच.

"तुम्ही कळवलं नाही त्यांना, मावशी?" लालपेनने विचारलं.

"पत्र टाकलं होतं चांगलं खरमरीत. उत्तर नाही की काही नाही. त्या दिवसापासून ते मासिक घरात येऊ दिलं नाही."

लालपेनचा चहा हातातच राहिला. चूक पहिल्या पानावर होते आणि दुरुस्ती शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या पायाशी, बारीक टायपात छापतात. ती स्वतः गेली तीस वर्षं तशाच छापत आली होती. आणि ज्याच्यासाठी ती छापायची, तो रागावून अंक घ्यायचं बंद करतो, हेही तिने पाहिलं होतं.

शनिवारी ती तंत्रशाळेच्या ग्रंथालयात गेली. तळघरात मासिकाचे बांधीव खंड होते, धुळीने माखलेले. तिने लेख सोडून दिले आणि फक्त शेवटची पानं उलटली. पुढच्या अंकात काही नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नव्हतं. दोनच दिवस उरले होते, आणि लेखाच्या गळ्याला फास तिनेच लावला होता. तिसऱ्या अंकात, रंगाच्या डब्याच्या जाहिरातीखाली, सहा ओळी सापडल्या.

रविवारी ती छायाप्रत घेऊन म्हातारीच्या घरी गेली. म्हातारीचा चष्मा सापडेना, म्हणून लालपेननेच वाचलं:

"कडी बनवणाऱ्या मिस्त्री या बाई आहेत, हे पत्राने कळल्यावर संपादक खात्रीसाठी ओळख न देता एका इमारतीत गेले. काम संपूर्णपणे बाईंनीच केले. तासभर बॅटरी धरून उभे होते ते प्रस्तुत संपादक. सुरक्षा खात्याच्या नव्या पुस्तिकेत सुचवलेली कडी ती हीच. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

पुस्तिकाही ग्रंथालयात मिळाली होती, कडीच्या चित्रासकट. लालपेनने सकाळीच दोन्ही संदर्भ जोडून आपला प्रस्ताव मागे घेतला होता, आणि विश्वकोशावरच्या बाकीच्यांनीही लेख राहावा असंच म्हटलं होतं. पाचही 'प्रेमळ' मात्र तिने उडवले. त्यांना पुरावा नव्हता.

नातीने म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला.

"टाय लावलेला एक माणूस आला होता खरा," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. म्हटलं, रिकामा उभा आहेस तर धर ही." तिने डोळे पुसले. "चाळीस वर्षं शिव्या घातल्या गं मी त्या संपादकाला. आणि बॅटरी काय छान धरली होती त्याने, एकदासुद्धा हलवली नाही."